चौथ्या वाटीतली राख

अक्षताला मीच पसंत केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला बिचारी म्हणणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरासाठी, महेश्वरसाठी, मुली बघणं चाललं होतं. धारवाडची एक मुलगी भूगर्भशास्त्र शिकलीय असं कळलं आणि मी सासूबाईंच्या मागंच लागले, हीच करू या म्हणून. घरात दगडाबद्दल बोलायला कुणीतरी येईल, एवढाच माझा स्वार्थ. माझे यजमान गुरुशांत यांचं नवी पेठेत कापडाचं दुकान. त्यांना बेसाल्ट म्हटलं तर ते पन्हा किती विचारणार. तर अक्षता आली, वर्षभर माझ्याशेजारी बसून भाकरी थापायला शिकली, आणि दुसऱ्या वर्षी गोव्यात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागली. महेश्वरही बदली घेऊन तिच्या मागं गेला. मी इथंच.

मी म्हणजे शिवलीला. एमएस्सीला विद्यापीठात पहिली. सतरा वर्षं झाली, सोलापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास चालू आहे तोवर मी प्राध्यापक, घंटा झाली की कुणी नाही. मलाही एकदा संशोधनाच्या जहाजावर जायची संधी आली होती. पत्र आलं तेव्हा थोरला पोटात होता, सातवा महिना. गेले नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते. लई तक्रार आहे.

अक्षता मात्र गेली. एकदा नाही, तीनदा. अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली एक ज्वालामुखी आहे, त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे. तो तिच्या वाट्याला आला. त्याचा माथा पाण्याखाली चारशे मीटर आणि पायथा दोन हजार मीटर खोल, त्यामुळं वरून जहाज गेलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. हिनं त्याच्या उतारावर लांबलचक लोखंडी नळी सोडून तळाचा गाळ वर काढला. त्या गाळात राखेचे पाच थर निघाले. पाच थर म्हणजे पाच उद्रेक. दोन थरांच्या मधल्या गाळात समुद्री जिवांची बारीक कवचं असतात, त्यांच्यावरून वय काढायचं. सगळ्यांत खालचा थर एकतीस हजार वर्षांपूर्वीचा, सगळ्यांत वरचा तीन हजार. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं जहाजाच्या कठड्यापाशी काढलेला फोटो टाकला, डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जॅकेट. सगळ्या भावकीचे अंगठे आले. त्यात एक माझाही होता.

मी पोरांना काय शिकवते? की आपलं सोलापूर लाव्ह्यावर बसलंय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या. खाणीत नेऊन थर दाखवते, दगडातली भोकं दाखवते. पोरं मोबाइल बघतात. माझा लाव्हा केव्हाच गार पडलेला आणि तिचा डोंगर अजून जिवंत. वाटणीसुद्धा देवानं अशी केली.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ती घरी आली होती. जेवणं झाल्यावर तिनं बॅगेतून पाच डब्या काढून माझ्यासमोर मांडल्या. प्रत्येकीत सुपारीएवढा ओलसर राखेचा गोळा. पाच थरांतले पाच. म्हणाली, अक्का, ह्यांचे काप तुम्हीच करून द्या, आमच्याकडं मशिनवर फुटतात.

काप म्हणजे काय ते सांगते. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवायचा आणि घासत न्यायचा, घासत न्यायचा, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे. मग तो मायक्रोस्कोपखाली बघता येतो. राखेसारखी भुसभुशीत वस्तू असेल तर आधी ती सावकाश वाळवायची, मग अराल्डाइटमध्ये भिजवून घट्ट करायची आणि नंतर बोटांनी, काचेच्या तुकड्यावर, कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासायची. एक रेघ जास्त ओढली की सगळा नमुना पाण्यात गेला. हे काम माझ्याइतकं चांगलं करणारं माणूस मी तरी बघितलेलं नाही. आणि तेच मला लागलं. मी तिची कारागीर झाले होते. ती जहाजावर जाणार, मी मोरीपाशी बसून घासणार.

पण घेतलं. घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर मला जळफळाट होतोय हे तिला कळलं असतं. तिनं जाताना एवढंच बजावलं की चौथा जपा. नळी वर येताना चिरली होती, चौथ्या थराचा बराचसा भाग परत समुद्रात सांडला, उरला त्यातला बाकीचा तपासण्यांत संपला. बारा हजार वर्षांपूर्वीच्या त्या उद्रेकाचं जगात एवढंच उरलं होतं. बाकीचे चार गोळे काळपट होते. चौथा पांढुरका, हाताला मऊ.

वाळायला ठेवायचे कुठं? कॉलेजात माझं स्वतःचं कपाट नाही. घरात मांजर, पोरं, पंख्याचा वारा. देवघराला जाळीचं दार आहे आणि आत सासूबाईंशिवाय कुणी हात घालत नाही, म्हणून तिथल्या वरच्या फळीवर पाच स्टीलच्या वाट्यांत मी ते गोळे ठेवले, खाली नंबरांच्या चिठ्ठ्या. सासूबाईंना, काशम्मांना, सांगून ठेवलं की अव्वा, ह्या वाट्या अक्षताच्या कामाच्या आहेत, हात लावू नका. त्या हो म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, आणि ऐकलेलं दुपारपर्यंत टिकतं.

आता तो सोमवार. आदल्या दिवशी आमच्या प्राचार्यांचा फोन आला होता. मला वाटलं, मार्चमध्ये कायम जागेची मुलाखत आहे, त्याबद्दल असेल. तर नाही. विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, अक्षताला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचं होतं. म्हणाले, सोलापूरची सून समुद्राच्या तळाशी पोचली, केवढी अभिमानाची गोष्ट. तुमच्या घरच्याच ना त्या, तुम्ही जरा शब्द टाका. सतरा वर्षं मी त्यांच्या कॉलेजात घसा फोडतेय. मी कुणाच्या घरची आहे हे त्यांना त्या दिवशी आठवलं. रात्रभर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते. तिथून देवघर समोर दिसतं. सासूबाई अंघोळ करून पूजेला बसल्या. त्यांची विभूती मठातून येते, मंगळवेढ्याकडच्या, शेणाच्या राखेचे पांढरे गोळे. पाण्याचे दोन थेंब टाकून तळहातावर चोळायची आणि कपाळावर, दंडावर, गळ्याला तीन तीन बोटं ओढायची. त्यांच्या वाटीत त्या दिवशी नुसता चुरा उरला होता. त्यांनी इकडं तिकडं चाचपलं. मग वरची फळी चाचपली. हात पहिल्या वाटीवर गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. काळे गोळे त्यांनी सोडून दिले. चौथ्या वाटीवर हात थांबला.

मी बघत होते. मधे कुणी नव्हतं, काही नव्हतं, आणि मला चष्म्याशिवाय लांबचं स्वच्छ दिसतं. नुसतं अव्वा म्हटलं असतं तरी त्यांचा हात मागं आला असता. शब्द तोंडात होता. मी भाकरी उलटली.

दुसऱ्यांदा वर बघितलं तेव्हा गोळा त्यांच्या वाटीत फुटला होता, जुन्या चुऱ्यात मिसळला होता आणि त्यावर पाणी पडलं होतं. मग मात्र मी तवा तसाच टाकून धावले. त्या कपाळावर बोटं ओढत होत्या. माझ्याकडं बघून समाधानानं म्हणाल्या, "ह्या खेपेची विभूती छलो अदा, चांगली हाय, लई मऊ."

त्या पूजा करून उठेपर्यंत मी तिथंच उभी. नंतर वाटीच्या कडेला लागलेलं चमच्यानं खरवडलं. चिमूटभर निघालं. बाकीचं त्यांच्या अंगावर होतं, आणि दुपारी घरी आलेल्या नणंदेच्या नातवाला खेळवताना त्याच्या गालाला लागलं, पदराला लागलं, गेलं. मी कुणाला बोलले नाही. ते खरवडलेलं वाळवलं, अराल्डाइटमध्ये बसवलं आणि चार खऱ्या कापांबरोबर चौथा म्हणून घासला. मनाची समजूत घातली की निम्म्याहून जास्त तर खरीच राख असणार. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर ज्वालामुखीच्या काचेच्या कपच्या होत्याच, पण चोळून पार चुरा झालेल्या. त्यांच्यात आणखी एक प्रकार दिसला, दोन्ही टोकांना फुगीर आणि मधे बारीक असे पारदर्शक कण. असतील समुद्रातले कसले तरी जीव, असं म्हणून पाचही काप कुरिअरनं गोव्याला पाठवून दिले. तिचा निरोप आला, अक्का, तुमच्या हाताला तोड नाही. तो वाचून मी फोन उपडा ठेवला.

बारा फेब्रुवारीला तिचा फोन आला. आवाज चढलेला, एरवी ती इतकं भराभर बोलत नाही. चौथ्या कापात काय सापडलंय माहितेय का, म्हणाली, आणि मला सगळं समजावून सांगायला लागली, जसं काही मी पहिल्या वर्षाची पोर. खोल पाण्याखाली उद्रेक झाला तर वरच्या पाण्याच्या दाबानं लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे फुगत नाहीत. लहान, गोल राहतात. तिच्या चार थरांतल्या काचेत तसेच गोल बुडबुडे होते. पण पाणी उथळ असेल तर बुडबुडे फुगून फुटतात आणि मधली काच ताणली जाते. चौथ्यात तिला ती ताणलेली काच मिळाली होती. दोन टोकांना फुगीर, मधे बारीक. म्हणजे बारा हजार वर्षांपूर्वी तो डोंगर पाण्याच्या वर आला होता. बेट होतं ते, आणि नंतर खचून बुडालं. काचेची रासायनिक तपासणी करणाऱ्या यंत्रावर तिचा नंबर मे महिन्यात होता, पण विज्ञान दिनाला आपल्या सोलापुरातच ती हे पहिल्यांदा जाहीर करणार होती. भाषणाचं नावसुद्धा ठरलं होतं, बुडालेलं बेट.

मी फोन ठेवला आणि सासूबाईंच्या नव्या गोळ्यातली चिमूटभर विभूती पुडीत बांधून कॉलेजात नेली. तेलाच्या थेंबात कालवून काचेवर पसरली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. होते. ओळीनं बसलेले, अगदी तसेच. शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संगमेश सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं. गवताच्या जातीची पिकं जमिनीतल्या वाळूची विरघळलेली सिलिका पाण्याबरोबर शोषून पानात साठवतात, तिचे असे कण होतात. ज्वारीत तर हमखास. पान जळलं तरी ते जळत नाहीत. गाय कडबा खाते, शेण होतं, शेणाची राख होते, कण तसेच.

म्हणजे अक्षताचं बेट हे मंगळवेढ्याच्या ज्वारीचं होतं.

संगमेश सर गेल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि हसले. खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं की तिला माहीत नाही ते मला माहीत होतं. माझ्याच प्राचार्यांसमोर, माझ्याच सभागृहात ती उभी राहून सांगणार की हे बघा बेट, आणि मे महिन्यात यंत्र सांगणार की हा कडबा आहे. मला काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला आता चांगलं जमत होतं.

पंधरा दिवस मी ती गोष्ट पोटात घेऊन फिरले. भाजी निवडताना मनात तिच्या फजितीचा देखावा चालायचा. यजमानांनी विचारलंसुद्धा, हल्ली खुशीत दिसतेस, मुलाखतीचं काही कळलं का? रात्री मात्र दुसरं मन बोलायचं. तो एक उद्रेक, समुद्राच्या तळाशी बारा हजार वर्षं शाबूत राहिलेला, माझ्या डोळ्यांदेखत कपाळाला लागून गेला. तो कसा होता, किती मोठा, उथळ का खोल, हे आता कधीच कुणाला कळणार नव्हतं. भूगर्भशास्त्र शिकलेल्या बाईनं करायचं पाप नव्हे ते. मग मी कूस बदलायची आणि तिचं ते नारिंगी जॅकेट आठवायची. लगेच झोप लागायची.

अठ्ठावीसला ती सकाळी आठला आली. भाषण अकराला. दहा वाजता माझ्याच प्रयोगशाळेत तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, अक्का, एकदा नजर टाका, मराठी शब्द चुकले असतील तर सांगा. एकेक पान पुढं जात होतं. समुद्राचा तळ कसा बर्माकडच्या भूपट्टाखाली शिरतो, त्याबरोबर पाणी आत जातं, आतला खडक वितळतो, मग हे डोंगर उठतात. पाच थरांचा फोटो. मग चौथा काप, पडदाभर, ते कण चमकत होते. आणि फोटोखाली ठळक अक्षरांत: काप – शिवलीलाअक्का, सोलापूर.

तिथं मात्र माझं धाबं दणाणलं. मी प्रामाणिक आहे म्हणून बोलले, असं कुणी समजू नये. मे महिन्यात तो कडबा उघडा पडला की खाली माझं नाव असणार होतं. सतरा वर्षांत माझं नाव पहिल्यांदा कुठं तरी छापून आलं, ते ह्या फोटोखाली.

मी सांगितलं. सगळं नाही. अव्वांनी चुकून चौथा गोळा विभूती म्हणून घेतला, मला नंतर कळलं, मी उरलेलं खरवडून काप केला, हे कण ज्वारीचे आहेत. संगमेश सरांकडून मागवून घेतलेला ज्वारीच्या कणांचा फोटो दाखवला. ती खुर्चीत बसली. रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असं वाटलं होतं, आणि त्या दोन्हीसाठी माझी तयारी होती. तिनं फक्त विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"अंघोळीला," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. लॅपटॉप जवळ ओढला, बुडालेलं बेट हे नाव खोडलं, चौथ्या कापाचं पान काढून टाकलं. जाताना म्हणाली, अव्वांना काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. ते ऐकून मला आणखीच चीड आली. एवढं नुकसान होऊनसुद्धा ही बाई पहिल्यांदा सासूचा विचार करते, म्हणजे त्यातही पुढंच.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य, संस्थेची माणसं, यजमान, आणि हट्टानं आलेल्या सासूबाई, कपाळावर ठसठशीत तीन बोटं. अक्षता चांगली बोलली. पोरांनी मोबाइल खाली ठेवले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि मला ते सोसवलं नाही. ती म्हणाली, एकतीस हजार वर्षांत ह्या डोंगरानं निदान पाच वेळा तोंड उघडलं. पहिले तीन उद्रेक खोल पाण्यातले, पाचवाही तसाच. मग ती थांबली.

"चौथ्याबद्दल मला आज काही सांगता येणार नाही," ती म्हणाली. "त्याचा एकच नमुना होता. तो माझ्या हातून हरवला. माझी चूक."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. ज्वालामुखीला पडल्या नव्हत्या इतक्या. प्राचार्य मागं वळून कुणाला तरी म्हणाले, बघा, चूक कबूल करायला केवढं मन लागतं. माझे यजमान डोळे पुसत होते. माझे यजमान, ज्यांना दगड आणि वीट यातला फरक कळत नाही. आणि मी तिथं बसून जळत होते. गोळा मी घालवला, पाप माझं, पंधरा रात्री ते मी उशाला घेऊन झोपले, आणि त्याचं मोठेपण तिनं एका वाक्यात उचलून नेलं. तेवढंसुद्धा तिनं माझ्यासाठी ठेवलं नाही.

आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. माइकपाशी गेले. हातात लिहिलेला कागद होता, त्यात अध्यक्ष, प्राचार्य, ध्वनिक्षेपकवाले सगळे ओळीनं होते. तो मी घडी घालून मुठीत धरला. समोर प्राचार्य दिसत होते आणि मुलाखतीला पंधरा दिवस राहिले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"अक्षताच्या हातून काही हरवलं नाही," मी म्हणाले. "नमुना माझ्याकडं होता. माझ्या घरात तो चुकून विभूती म्हणून वापरला गेला. मी समोर उभी राहून बघत होते. अंघोळीला नव्हते. मी एक हाक मारली असती तर तो वाचला असता. मी मारली नाही, कारण मला तिचा हेवा वाटत होता. नऊ वर्षं वाटतोय."

सासूबाईंनी शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणते ही? मग मागच्या रांगेतून एका पोरानं टाळी वाजवली, पाठोपाठ दुसऱ्यानं, आणि बघता बघता पोरं उभी राहिली. सतरा वर्षांत माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं. प्राचार्य उठून माझ्यापाशी आले, म्हणाले, मॅडम, असा खरेपणा आजकाल बघायला मिळत नाही. टाळ्या अक्षताच्या टाळ्यांपेक्षा लांबल्या. हो, मी मोजत होते.

व्यासपीठावर एकटी अक्षता टाळ्या वाजवत नव्हती. ती खुर्चीतून उठली, माझ्याजवळ आली, लोकांना वाटलं मिठी मारायला. तिनं मारलीही. तिचं तोंड माझ्या कानाशी आलं आणि ती हळूच म्हणाली, "एवढंही मला एकटीला घेऊ दिलं नाहीत, अक्का."

तिचं खरं होतं, आणि टाळ्या अजून चालूच होत्या.